आशा, आस आणि नाताळ

१

‘आशा’ हा शब्द मराठीत निर्धास्तपणे वापरता येत नाही. रोजच्या व्यवहारात आपण तो सहज उच्चारतो, पत्राच्या शेवटी ‘आपण कुशल असाल अशी आशा आहे’ असे लिहितो. परंतु विचाराच्या पातळीवर आलो की ह्या शब्दाभोवती शतकानुशतकांचा संशय साचलेला दिसतो. गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी वृत्तीचा माणूस शेकडो आशापाशांनी जखडलेला सांगितला आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात पिंगलेची कथा येते. ही गणिका एका रात्री धनिक ग्राहकाची वाट पाहत दारात उभी राहते, आत-बाहेर येरझारा घालते, आणि मध्यरात्र उलटल्यावर आशा सोडून देऊन शांतपणे झोपी जाते. अवधूत तिला आपला गुरू मानतो. एकनाथांनी १५७३ साली पूर्ण केलेल्या आपल्या टीकेत हीच कथा मराठीत विस्ताराने उभी केली. ‘नैराश्य’ हा शब्द त्या विचारविश्वात मुक्तीच्या जवळचा आहे. आज आपण तो व्याधीचे नाव म्हणून वापरतो, एवढाच काय तो काळाचा फरक.

अशा ह्या भाषेत ख्रिस्ती धर्मग्रंथ आला. श्रीरामपूरहून १८११ साली मराठी नवा करार छापला गेला, आणि पुढील शतकभर भाषांतरे व त्यांच्या सुधारणा होत राहिल्या. पौलाच्या पत्रातील तीन टिकणाऱ्या गुणांसाठी मराठी ख्रिस्ती समाजात विश्वास, आशा आणि प्रीती हे शब्द रूढ झाले. ह्यांतील पहिल्या आणि तिसऱ्या शब्दाला भक्तिपरंपरेत आधीच मानाचे स्थान होते. मधला शब्द मात्र आरोपी म्हणून आला. संतांनी जिचा त्याग करावयास सांगितले, तीच येथे ईश्वराकडे नेणाऱ्या गुणांत बसविलेली होती.

मूळ भाषांतही हा शब्द निर्दोष नव्हता, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. ग्रीक ‘एल्पिस’ म्हणजे बऱ्या-वाईट कशाचीही अपेक्षा. हेसिअडच्या कथेत पँडोराच्या रांजणातून सारी दुःखे बाहेर पडतात आणि ती एकटी आत राहते. ती माणसाच्या सांत्वनासाठी राहिली की शिक्षेसाठी, ह्यावर अद्याप वाद आहे. नीत्शेने १८७८ साली तिला सर्वांत वाईट ठरविले, कारण ती यातना लांबविते. हिब्रू भाषेत आशेला ‘तिक्वा’ म्हणतात, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ दोरी असा आहे. यहोशवाच्या ग्रंथात राहाब आपल्या खिडकीला जी किरमिजी दोरी बांधते आणि जिच्यामुळे तिचे घर वाचते, तेथे हाच शब्द आहे. मराठीत आशेचा पाश होतो आणि हिब्रूत आशेची दोरी. एकच वस्तू गळ्यात पडली तर फास होते, खिडकीतून सोडली तर सुटका होते.

तेव्हा प्रश्न असा : नाताळच्या दिवसांत प्रार्थनामंदिरांतून ज्या आशेचा उच्चार होतो, ती मराठी विचाराला कोणत्या अर्थाने घेता येईल? हा प्रश्न केवळ भाषांतराचा असता तर कोशकारांवर सोपवून मोकळे होता आले असते. परंतु दुःखात असलेल्या माणसाला ‘आशा धर’ असे सांगण्याचा अधिकार आपल्याला आहे काय, हा प्रश्न त्याच्या पोटात दडलेला आहे.

२

ही चर्चा अधांतरी राहू नये म्हणून ती एका गावात आणतो. नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील लासलगाव कांद्याच्या बाजारपेठेसाठी सर्वत्र ठाऊक आहे. नाताळाचा हंगाम हा तेथे लाल कांद्याचा हंगाम असतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि पिकअप गाड्यांच्या रांगा लागतात, व्यापाऱ्यांचा घोळका एका वाहनाकडून दुसऱ्याकडे सरकतो, काही क्षणांत बोली होते आणि चार महिन्यांच्या श्रमाचा निकाल एका आकड्यात लागतो. उन्हाळ कांदा चाळीत काही महिने राखता येतो. लाल कांद्याला ती सवड नाही. तो टिकत नाही, म्हणून शेतकरी थांबू शकत नाही. भाव पडला असला तरी विकावेच लागते.

ह्या बाजारात आशा म्हणजे भावाची अपेक्षा. तिला परिमाण असते, तिथी असते, आणि ती फसते तेव्हाही आकड्यातच फसते. २०१८ च्या नोव्हेंबरअखेर निफाड तालुक्यातील एका शेतकऱ्याला ७५० किलो कांद्याचे १,०६४ रुपये मिळाले. ती सारी रक्कम त्याने निषेध म्हणून मनिऑर्डरने पंतप्रधानांच्या मदतनिधीला पाठवून दिली. पाच वर्षांनी, २०२३ च्या नोव्हेंबरअखेर, ह्याच परिसराला अवकाळी पावसाने आणि गारपिटीने झोडपले. त्यातून जो कांदा वाचला त्याला बरा भाव मिळेल असे वाटत असतानाच ७ डिसेंबर रोजी केंद्र सरकारने निर्यातबंदी जाहीर केली. लिलाव बंद पडले, शेतकरी मुंबई-आग्रा महामार्गावर उतरले. ही बंदी पुढील वर्षीच्या मे महिन्यात उठली. तोवर त्या हंगामातील लाल कांदा केव्हाच विकून झाला होता.

अशा डिसेंबरात ‘सर्व काही ठीक होईल’ हे वाक्य बोलणारा माणूस एक तर अज्ञानी असतो किंवा निर्दय. सर्व काही ठीक झालेले नसते. जे पीक गेले ते गेले, जो भाव बुडाला तो परत येत नाही. आशावाद हा शक्यतांचा हिशेब आहे आणि हिशेब चुकू शकतो. पिंगलेच्या दारातील आशा ह्याच जातीची होती : ग्राहक येईल, पैसा मिळेल. एकनाथांच्या मराठीने तिच्याविषयी जो संशय शिकविला तो म्हणून टाकून देण्याजोगा नाही. नाताळची आशा जर पुढच्या हंगामाच्या तेजीचे धार्मिक नाव असेल, तर संतांचा आक्षेप तिलाही तंतोतंत लागू पडतो.

लासलगावात भाभा अणुसंशोधन केंद्राचे ‘कृषक’ हे विकिरण केंद्र २००२ साली सुरू झाले. साठविलेल्या कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून तेथे त्याला गॅमा किरणांची मात्रा देतात. व्यापाराच्या दृष्टीने हे योग्यच आहे, कारण कोंब आलेला कांदा हा नासलेला माल होय. नाताळपूर्व आगमनकाळात चर्चमध्ये यशया संदेष्ट्याचे जे वाचन होते त्यात मात्र तोडलेल्या झाडाच्या बुंध्याला कोंब फुटण्याचे चित्र आहे. बाजाराच्या हिशेबात जो तोटा, तोच त्या चित्रात शुभसंकेत. ह्यावरून बाजार खोटा ठरत नाही. एवढेच दिसते की संदेष्टा ज्या गोष्टीकडे बोट दाखवितो ती साठ्याच्या आणि भावाच्या भाषेत मांडता येत नाही. मग ती कोणत्या भाषेत मांडता येते?

३

त्याआधी दुसऱ्या आणि अधिक कठोर आक्षेपाला सामोरे गेले पाहिजे. निफाडला लागूनच येवले तालुका आहे. येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. तिच्यामागे नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह होता. २ मार्च १९३० रोजी सुरू झालेल्या त्या सत्याग्रहात हजारो माणसे एका बंद दरवाजासमोर वर्षानुवर्षे उभी राहिली होती. येवल्यात बाबासाहेबांनी तो सत्याग्रहही थांबविण्याचा सल्ला दिला. आतल्या माणसांचे मन पालटेल ही आशा तेथे विधिपूर्वक सोडून देण्यात आली.

आशेचा कोणताही विचार येवल्याला वळसा घालून पुढे जाऊ शकत नाही, निदान ह्या जिल्ह्यात तरी नाही. पीडिताला आशा धरावयास लावणे हे अनेकदा पीडकाच्या सोयीचे असते. ‘धीर धरा, काळ बदलेल’ हा उपदेश ज्यांना काळ बदलण्याची घाई नाही त्यांच्याच तोंडी अधिक शोभतो. पिंगलेने ग्राहकाची आशा सोडली, येवल्याने सवर्णांच्या हृदयपरिवर्तनाची सोडली. दोन्ही ठिकाणी आशात्यागानंतरच माणूस मोकळा झाला. मार्क्सने धर्माला जी अफूची उपमा दिली तिचे मर्म ह्यातच आहे.

हा आक्षेप ख्रिस्ती समाजालाही बाहेर ठेवीत नाही. धर्मांतरितांत जातिभेद टिकून राहिला ह्याविषयी बाबासाहेबांनी स्पष्ट शब्दांत लिहिले आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित केला. पुढे १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. दलित ख्रिस्ती त्याबाहेर राहिले. म्हणजे शासनाच्या लेखी त्यांना जात नाही आणि गावाच्या लेखी ती गेलेली नाही. अशा माणसाला नाताळच्या प्रवचनात केवळ परलोकाची आशा देणे म्हणजे त्याला पुन्हा एका बंद दरवाजासमोर उभे करणे होय.

तरीही येवल्याच्या घटनेचा एक पैलू नजरेआड होऊ नये. तेथे जी आशा सोडली ती एका विशिष्ट दरवाजाची होती. घोषणा आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजीची नागपूरची धम्मदीक्षा ह्यांत एकवीस वर्षांचे अंतर आहे. ही वर्षे कोणी हताशपणे काढली नाहीत. अभ्यास, संघटना, राज्यघटनेचे काम आणि धर्मचिकित्सा ह्यांनी ती भरलेली आहेत. खोटी आशा सोडल्यावर जी उरली, जिने एका समाजाला एकवीस वर्षे चालते ठेवले, तिला काय म्हणावे? ती भावाची अपेक्षा नव्हती आणि अफूही नव्हती. बौद्ध विचार तिला आशा म्हणणार नाही. तो तिला प्रयत्न म्हणेल, आणि त्याला तसे म्हणण्याचा अधिकार आहे. मला इतकेच म्हणावयाचे आहे की आशेचा त्याग आणि उद्याविषयीची निष्ठा ह्या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात.

४

ह्या टप्प्यावर मराठी भाषाच एक मदत देऊ करते. संस्कृत ‘आशा’पासून प्राकृतातून आलेला ‘आस’ हा शब्द मराठीत स्वतंत्रपणे वाढला. संतांनी आशेचा धिक्कार केला, आणि तेच संत भेटीची आस लागल्याचे सांगताना थकत नाहीत. तुकोबांचे विरहाचे अभंग ह्या आसेनेच भारलेले आहेत. एकाच धातूतून निघालेल्या दोन शब्दांना परंपरेने दोन वाटांवर सोडले : आशा वस्तूची, आस भेटीची. आशेला विषय लागतो, आसेला कोणीतरी ‘तू’ लागतो. आशा पुरली नाही तर माणूस ती दुसऱ्या वस्तूवर वळवितो; आसेला पर्याय चालत नाही. पिंगलेची कथाही नीट पाहिली तर शून्यात संपत नाही. ग्राहकाकडे लागलेली तिची दृष्टी अखेरीस आपल्या अंतरातच असलेल्या जिवलगाकडे वळते. ती आशा टाकते आणि आस धरते.

फ्रेंच तत्त्वज्ञ गॅब्रिएल मार्सेल ह्याने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिहिलेल्या निबंधांत हाच भेद वेगळ्या वाटेने गाठला आहे. पहिल्या महायुद्धात तो रेडक्रॉसच्या वतीने बेपत्ता सैनिकांची चौकशी करण्याचे काम करीत होता. त्या सैनिकांचे आप्त माहिती विचारावयास त्याच्याकडे येत. ‘अमुक घडेल’ अशी आशा आणि ‘तुझ्यावर’ ठेवलेली आशा ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, असे त्याने मांडले. पहिली घटनेवर अवलंबून असते, दुसरी नात्यावर. आणि ही दुसरी एकट्यापुरती कधीच नसते. मराठी भक्तीचा वाचक ह्या ठिकाणी सहज म्हणेल की हा तर आपल्या ओळखीचा प्रांत आहे.

नाताळची कथा ह्या दृष्टीने पाहावी. लूकच्या शुभवर्तमानात मेंढपाळांना जी खूण सांगितली जाते ती किती अपुरी आहे! गव्हाणीत निजलेले एक मूल. रोमन सत्ता जागच्या जागी आहे आणि नावनोंदणीचे फर्मानही. मत्तयाच्या कथेत तर ह्या जन्माच्या पाठोपाठ हेरोदाचे हत्याकांड आणि मिसर देशाकडे पलायन येते. चर्चच्या पंचांगाने हे लपविलेले नाही : २५ डिसेंबरनंतर दुसऱ्याच दिवशी रक्तसाक्षी स्तेफनाचा सण येतो आणि २८ तारखेला मारल्या गेलेल्या बालकांचे स्मरण असते. मंदिरात आयुष्यभर वाट पाहणारा वृद्ध शिमोन त्या मुलाला हातांत घेतो आणि आता मी जावयास मोकळा झालो असे म्हणतो. त्याने काय पाहिले? इस्राएलची सुटका त्याने पाहिली नाही. केवळ एक तान्हे मूल पाहिले, आणि त्याची आस पुरी झाली.

येथे एक सूक्ष्म उलटापालट आहे. आपण तारकाची वाट पाहतो ती तो आपल्याला सांभाळील म्हणून. आणि जो येतो त्यालाच सांभाळावे लागते. त्याला दूध हवे, ऊब हवी, सैनिकांपासून लपविणारे कोणी हवे. त्यामुळे ख्रिस्ती आशा स्वीकारणे म्हणजे आश्वासन खिशात घालणे नव्हे; एक जबाबदारी कडेवर घेणे होय. प्रश्न सुटलेला नसतो, पण प्रश्नात आपले माणूस आलेले असते, आणि मग तेथून उठून जाता येत नाही.

लासलगावात लिलाव बंद पडले त्याच महिन्यात, डिसेंबर २०२३ मध्ये, खुद्द बेथलेहेमात गाझातील युद्धामुळे नाताळचा सार्वजनिक सोहळा रद्द करण्यात आला होता. तेथील लूथरन चर्चने गव्हाणीच्या जागी दगडविटांचा ढिगारा रचला आणि त्यात बाळ येशूची मूर्ती ठेवली. बेथलेहेम ह्या नावाचा हिब्रू अर्थ ‘भाकरीचे घर’ असा आहे. त्या ढिगाऱ्याने कोणतेही भविष्य वर्तविले नाही. मूल कोठे शोधावे, एवढेच त्याने सांगितले.

५

मराठीत ही आस प्रत्यक्ष जगलेले एक घर नाशिकच्या परिसराशीच जोडलेले आहे. नाशिकजवळच्या जलालपूरला १८६८ साली जन्मलेल्या लक्ष्मीबाईंचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी बाप्तिस्मा घेतला तेव्हा हा संसार दुभंगला आणि काही वर्षे पती-पत्नी एकमेकांपासून दूर राहिली. टिळक स्वतः तुकोबांच्या वाटेनेच ख्रिस्ताकडे आल्याचे सांगत. ‘आशा’ आणि ‘आस’ ह्यांतील अंतर त्यांना समजावून देण्याची गरज नव्हती. लक्ष्मीबाईंचा मार्ग अधिक खडतर होता. ‘स्मृतिचित्रे’ मधून दिसते ते एका बाईचे सिद्धान्ताशिवाय झालेले परिवर्तन. सोवळ्यात वाढलेली ही स्त्री, हे भेद देवाने केले की माणसाने, असा प्रश्न स्वतःला विचारते आणि मिळालेल्या उत्तराप्रमाणे पाणी पिऊ लागते. पुढे दुष्काळात पोरकी झालेली मुले त्यांच्या घरात आली. घर दरिद्री, मुले अनेक. पण त्या पानांवर त्यागाचा आव नाही, विनोद आहे.

ह्या विनोदाकडे मी आशेची खूण म्हणून पाहतो. ज्याला पुढे सर्व ठीक होणार ह्याची खात्री असते त्याला विनोदाची गरज नसते, आणि ज्याने सर्व सोडून दिले त्याला तो सुचत नाही. टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या १९१९ मधील मृत्यूने अपुरे राहिले. ज्या बाईला शाळा माहीत नव्हती तिने ते पुढे लिहून काढले; तिच्या मृत्यूनंतर, १९३८ साली, ते छापले गेले. ज्याने आरंभ केला त्याने शेवट पाहिला नाही, जिने शेवट लिहिला तिने पुस्तक पाहिले नाही. शिमोनाचीच ही गोष्ट. आशेची परीक्षा ती पुरी झाली का ह्यावर होत नाही. ती धरली असताना माणसाने काय केले ह्यावर होते.

ह्या मापाने संतांचा आक्षेप, येवल्याचा आक्षेप आणि बाजाराचा अनुभव हे तिघेही ख्रिस्ती आशेचे शत्रू राहत नाहीत. ते तिचे पारखी ठरतात. जी आशा वस्तूला चिकटते ती पिंगलेने टाकली तशी टाकावी. जी आशा दुसऱ्याला बंद दारासमोर उभे ठेवते ती येवल्याने नाकारली तशी नाकारावी. ह्या चाळणीतून जे उरेल तेच नाताळला बोलावे, मग ते एका वाक्यात मावले तरी चालेल.

शेवटी पुन्हा लासलगावच्या शिवारात येतो. डिसेंबर-जानेवारीत लाल कांदा मातीमोल जात असतानाच शेजारच्या वाफ्यांत उन्हाळ कांद्याच्या रोपांची लागण चाललेली असते. ओणवून रोपे लावणाऱ्या बायांच्या ओळी पाहून कोणाही प्रवचनकाराला मोह व्हावा : पाहा, ही आशा! ह्या मोहापासून दूर राहिले पाहिजे. ती लागण कर्जापोटी असेल, सवयीपोटी असेल, दुसरा इलाज नाही म्हणूनही असेल. दुसऱ्याच्या नाइलाजाला आपल्या सांत्वनाचे प्रतीक करणे हा साहित्यिकांचा आणि धार्मिकांचा समान दोष आहे. त्या वाफ्याकडे पाहून त्या शेतकऱ्याला आशा आहे काय, असे विचारण्याचा अधिकार आपल्याला नाही. विचारावयाचे ते स्वतःला : तो पुन्हा लिलावात उभा राहील तेव्हा त्याच्या बाजूने कोण उभे असेल? गव्हाणीतल्या मुलाची खूण ज्यांना पटली आहे असे म्हणतात, त्यांना ह्या प्रश्नाचे उत्तर दर डिसेंबरात द्यावे लागते.